जुन्या माशांचा समुद्र

उष्ण कटिबंधातील समुद्राचा तळ जेथे खडकाळ असतो, प्रवाळांच्या भिंती उभ्या असतात किंवा खारफुटीची मुळे पाण्यात उतरलेली असतात, तेथे कपारीच्या तोंडाशी जवळजवळ निश्चल राहून समोरचे पाणी न्याहाळणारा, जाड ओठांचा, रुंद जबड्याचा आणि अंगभर ठिपके वा पट्टे असलेला मासा बहुधा ग्रूपरांपैकी असतो. कोकणच्या बंदरांवर या माशाच्या निरनिराळ्या जाती हेकरू आणि गोबरा या नावांनी ओळखल्या जातात, तर गोव्यात त्याला गोब्रो म्हणतात. प्राणिशास्त्राने दीर्घकाळ ग्रूपर, सी बास आणि प्रवाळांभोवती थव्याने फिरणारे नारिंगी अँथियस यांना सेरॅनिडी या एकाच विस्तृत कुळात ठेवले होते. कल्ल्यांवरील झाकणाच्या मागच्या कडेला असलेले तीन चपटे काटे ही या कुळाची एक ठळक खूण मानली जाते. अलीकडे अनेक अभ्यासक ग्रूपरांना एपिनेफेलिडी या स्वतंत्र कुळात ठेवू लागले आहेत, तरी या साऱ्यांच्या जीवनक्रमातील साम्य इतके आहे की त्यांचा विचार एकत्र करणेच सोयीचे ठरते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या, फिलिप हीम्स्ट्रा आणि जॉन रँडल यांनी सिद्ध केलेल्या सूचीत ग्रूपरांच्या १५९ जाती नोंदवल्या आहेत. त्यांत हातभर लांबीही न गाठणाऱ्या जातींपासून पावणेतीन मीटरांच्या जवळपास वाढणाऱ्या आणि चारशे किलोग्रॅमपर्यंत वजन गाठणाऱ्या महाकाय ग्रूपरापर्यंत सारे प्रकार आढळतात.

आकार, रंग आणि अधिवास यांतील हे वैविध्य बाजूला ठेवले, तर मोठ्या ग्रूपरांच्या जीवनामागे एक समान तत्त्व दिसते, आणि ते म्हणजे काळावरचा भरवसा. ज्या माशांचे आयुष्य एक-दोन वर्षांचे असते ते लवकर प्रौढ होतात, भराभर प्रजनन करतात आणि समुद्राच्या लहरीपणाला संख्येने उत्तर देतात. ग्रूपराची रीत याच्या उलट आहे. तो सावकाश वाढतो, उशिरा प्रौढ होतो, अनेक जातींत तर आयुष्याच्या उत्तरार्धातच नर होतो, आणि ठरलेल्या तिथीला ठरलेल्या जागी जाऊन वर्षानुवर्षे प्रजनन करतो. नासाऊ ग्रूपर एकोणतीस वर्षांपर्यंत जगल्याची नोंद आहे, अटलांटिकमधील गोलायथ ग्रूपर सदतीस वर्षांचा असल्याचे आढळले आहे आणि भूमध्य समुद्रातील डस्की ग्रूपर तर पन्नाशीही ओलांडतो. ही वये माशांच्या कानातील ओटोलिथ नावाच्या चुनखडीच्या खड्यांवरून काढली जातात. या खड्यांवर वर्षागणिक एक वलय चढत जाते आणि ती वलये मोजून माशाचे वय सांगता येते. वार्धक्य हा या माशांच्या आयुष्याला जोडलेला शेवटचा, निरुपयोगी तुकडा नसून त्यांच्या साऱ्या जीवनरचनेचा तो आधार आहे, आणि म्हणूनच समुद्रातील जुने मासे संपवणारी मासेमारी या कुळाच्या संख्येबरोबर त्याच्या जगण्याच्या रीतीवरही घाव घालते.

या रीतीचा पहिला प्रत्यय शिकारीत येतो. ग्रूपर भक्ष्याचा लांबवर पाठलाग करत नाही. भक्ष्य टप्प्यात येताच तो जबडा एकाएकी पुढे काढून उघडतो, तोंडाचा तळ खाली जातो, कल्ल्यांची झाकणे फाकतात आणि तोंडात निर्माण झालेल्या पोकळीत पाण्याबरोबर मासा, खेकडा किंवा शेवंड आत ओढली जाते. त्याचे दात चावून तुकडे करण्यासाठी नसतात, तर आत आलेले भक्ष्य निसटू नये म्हणून आतल्या बाजूला कललेले असतात, आणि भक्ष्य सबंधच गिळले जाते. हा क्षण निमिषमात्राचा असला, तरी त्याच्या आधीची प्रतीक्षा दीर्घ असते, आणि ती फलदायी व्हायची तर आपल्या परिसरातील कपारी, वाटा आणि सोबती यांची ओळख असावी लागते. तांबड्या समुद्रात रेदुआन बशारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांतून असे दिसले, की तेथील ग्रूपर भूक लागली असता महाकाय मोरे ईलच्या कपारीपाशी जाऊन तिच्या तोंडासमोर अंग थरथरवतो आणि तिला शिकारीसाठी बाहेर बोलावतो. मोरे ही सापासारखी लांब मासळी अरुंद फटींत शिरते, ग्रूपर मोकळ्या पाण्यात थांबतो, आणि एकाला चुकवून पळणारे भक्ष्य दुसऱ्याच्या तोंडी लागते. पुढे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असेही नोंदवले गेले, की फटीत लपलेल्या भक्ष्याची जागा दाखवण्यासाठी ग्रूपर त्या फटीवर डोके खाली करून उभा राहतो. ऑस्ट्रेलियातील त्याच्या भाऊबंदांवर, म्हणजे कोरल ट्राउटवर, केलेल्या प्रयोगांत साहाय्य करणारी आणि न करणारी अशा दोन बनावट मोरे ठेवल्या असता, माशाने थोड्याच अनुभवानंतर उपयुक्त सोबती निवडायला सुरुवात केली. ज्या प्राण्याच्या शिकारीत शिकण्याला असा वाव आहे, त्याच्यासाठी सरलेली वर्षे हे नुसते वाढलेले वजन नसते. ती साठवलेली ओळख असते.

मोठा ग्रूपर आपल्या परिसराला घडवतोही. मेक्सिकोच्या आखातातील रेड ग्रूपर तळावरची वाळू तोंडाने उचलून दूर टाकतो आणि अंगाच्या व शेपटीच्या फटकाऱ्याने गाळ उडवून खालचा चुनखडीचा खडक उघडा करतो. वाळूच्या सपाट विस्तारात असा उघडा खडक दुर्मीळ असल्याने स्पंज, प्रवाळ आणि इतर स्थिर जीव तेथे रुजतात, त्यांच्या आश्रयाला लहान मासे आणि शेवंडी येतात, आणि त्या खड्ड्याची निगा राखणारा मासा तेथे असेपर्यंत ती वस्ती टिकते. तो मासा उचलला गेला की वाळू हळूहळू खड्डा भरून काढते. एका माशाच्या वास्तव्यावर इतक्या जीवांची सोय अवलंबून असणे ही गोष्ट बाजारातील त्याच्या भावात कोठेच धरलेली नसते.

या कुळाचे सर्वांत विलक्षण वैशिष्ट्य मात्र लिंगाशी निगडित आहे, आणि त्याची चाहूल मानवाला फार पूर्वी लागली होती. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक लेखनात अशा काही समुद्री माशांचा उल्लेख केला आहे, ज्यांतील पकडलेला प्रत्येक मासा अंडी असलेलाच निघतो आणि नर सापडत नाही. त्यांत आज सेरॅनस प्रजातीत गणल्या जाणाऱ्या माशाचा समावेश होतो असे मानले जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस नेपल्सचे निसर्गअभ्यासक फिलिप्पो काव्होलिनी यांनी या माशाच्या एकाच शरीरात अंडाशय आणि वृषण ही दोन्ही इंद्रिये असल्याचे दाखवले. या अवस्थेला समकालीन उभयलिंगता म्हणतात, म्हणजे एकच प्राणी एकाच वेळी मादी आणि नर या दोन्ही भूमिका पार पाडू शकतो. कॅरिबियन समुद्रातील हॅमलेट नावाचे छोटे मासे याच गटात येतात. सायंकाळी जोडी जमल्यावर ते आपली अंडी एकदम न सोडता थोडीथोडी सोडतात आणि दर वेळी भूमिका बदलतात, म्हणजे आता ज्याने अंडी दिली तो पुढच्या खेपेस शुक्राणू देतो. एरिक फिशर यांनी १९८० साली या व्यवहाराचे वर्णन करताना त्याला अंड्यांची देवघेव मानले. अंडे शुक्राणूपेक्षा महाग असते, तेव्हा ते हप्त्याहप्त्याने दिल्याने जोडीदाराला फसवून निघून जाण्याचा मोह कमी होतो, असा त्यामागचा तर्क आहे.

ग्रूपर आणि अँथियस यांच्यात हीच शक्यता कालक्रमाने उलगडते. त्यांतील बहुतेक जाती आधी मादी म्हणून प्रौढ होतात आणि पुढे काही मासे नर होतात. याला स्त्रीपूर्व उभयलिंगता म्हणतात. तांबड्या समुद्रातील अँथियसच्या थव्यातून नर काढून घेतला, तर उरलेल्या माद्यांपैकी एक रंग, वर्तन आणि जननेंद्रिय बदलून त्याची जागा घेते, हे लेव्ह फिशेलसन यांनी १९७० साली दाखवले. या बदलाच्या काळात अंडाशयातील ऊती क्षीण होतात, शुक्राणू निर्माण करणारी ऊती वाढू लागते, स्त्रीसंप्रेरके घटतात आणि पुरुषसंप्रेरके वाढतात. असा बदल केव्हा लाभदायक ठरतो याचे उत्तर मायकेल गिसेलिन यांनी १९६९ साली मांडलेल्या विचारात मिळते. जेथे मोठा नर जागा राखू शकतो आणि अनेक माद्यांशी प्रजनन करतो, तेथे लहान आकाराच्या नराला संधी जवळजवळ नसते, मात्र लहान मादीला अंडी देता येतात. तेव्हा लहानपणी मादी आणि मोठेपणी नर होणाऱ्या माशाला संपूर्ण आयुष्यात अधिक संतती लाभते. जेथे उलट परिस्थिती असते, म्हणजे नराला आकाराचा विशेष लाभ नसतो आणि मोठ्या मादीच्या पोटात मात्र कितीतरी अधिक अंडी मावतात, तेथे क्रमही उलटतो. रायगड जिल्ह्यातील खाड्यांत आणि शेततळ्यांत ज्याचे कौतुक होते, आणि बाजारात ज्याला आशियाई सी बास म्हणतात, तो जिताडा वेगळ्या कुळातला असला तरी या नियमाचे चांगले उदाहरण आहे. तो आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. दोन्ही माशांत वयाला अर्थ आहे, फक्त त्या अर्थाची दिशा वेगळी आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. लिंगबदल ही ग्रूपरांची सर्वसाधारण प्रवृत्ती असली, तरी सगळ्या जाती तिला सारख्याच बांधलेल्या नाहीत. नासाऊ ग्रूपरात बहुतेक मासे आरंभापासूनच नर किंवा मादी म्हणून वाढतात असे आज मानले जाते. मात्र या जातीत काळावरचा भरवसा दुसऱ्या, तितक्याच ठळक रूपाने दिसतो, आणि ते रूप म्हणजे प्रजनन-मेळावा. एरवी एकएकटे राहणारे हजारो मासे वर्षातील थोड्या ठरावीक दिवसांत, प्रवाळबांधाच्या कडेला एका ठरावीक जागी जमून प्रजनन करतात, त्याला प्रजनन-मेळावा म्हणतात. सी. लॅव्हेट स्मिथ यांनी १९७२ साली बहामा बेटांतील बिमिनी परिसरातल्या अशा मेळाव्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तेथील माशांची संख्या तीस हजार ते एक लाख यांदरम्यान असल्याचा अंदाज दिला. कॅरिबियन समुद्रात हे मेळावे हिवाळ्यातील पौर्णिमांच्या सुमारास, म्हणजे साधारणपणे आपल्याकडील मार्गशीर्ष ते माघ या काळात भरतात, आणि काही मासे त्यांसाठी शंभर किलोमीटरांहून अधिक अंतर पार करून येतात. या दिवसांत त्यांचे नेहमीचे पट्टेदार रूप पालटते. काही मासे वरून काळे आणि खालून पांढरे होतात, काही पूर्ण गडद होतात. सूर्य मावळतीला आला की गडद रंगाची मादी वर झेपावते, तिच्यामागे अनेक नर झेपावतात, आणि क्षणभरात अंडी व शुक्राणू पाण्यात मिसळतात. फलित झालेली, जेमतेम एक मिलिमीटर व्यासाची पारदर्शक अंडी पृष्ठभागाकडे तरंगत जातात, आणि त्यांतून निघालेली लांब काट्यांची पिल्ले महिना-सव्वा महिना प्रवाहाबरोबर भटकून मग किनाऱ्याजवळच्या उथळ आश्रयाला लागतात.

मेळाव्याची जागा सर्वसाधारणपणे बांधाच्या पुढे आलेल्या टोकाशी, खोल पाण्याच्या कडेवर असते. प्रवाहाने अंडी भक्षकांपासून दूर जावीत, एकाच वेळी असंख्य अंडी सुटल्याने खाणाऱ्यांची भूक भागूनही पुष्कळ उरावीत, आणि विखुरलेल्या माशांना जोडीदार मिळावा, अशी त्यामागची कारणे सांगितली जातात. कारण कोणतेही असो, त्या जागेचे सातत्य विस्मयकारक आहे, कारण काही जागा कित्येक दशके त्याच राहिल्या आहेत. नवप्रौढ माशांना ही जागा अनुभवी माशांच्या सोबतीने कळत असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ते खरे असेल, तर मेळाव्याचे स्थान हा त्या समूहाचा वारसा ठरतो, आणि हा वारसा जुन्या माशांच्या देहाबरोबरच नष्ट होऊ शकतो.

नेमकी हीच निश्चितता या माशांच्या नाशाला कारण झाली. वर्षभर कपारीकपारींतून विखुरलेला मासा एका आठवड्यात एका जागी सापडतो हे कळल्यावर तेथे गळ, पिंजरे आणि जाळी यांची गर्दी होते, आणि अनेक वर्षांची वाढ थोड्या दिवसांत बाजारात पोहोचते. बर्म्युडाजवळचे नासाऊ ग्रूपरांचे मेळावे १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत नाहीसे झाले आणि नंतर संरक्षण मिळूनही ते पूर्ववत भरले नाहीत. ही जात आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत २०१८ साली अतिसंकटग्रस्त ठरवली गेली. मेक्सिकोच्या आखातातील गॅग ग्रूपराची हानी वेगळ्या प्रकारची होती. त्याचे मोठे नर खोल पाण्यातील बांधांवरच राहतात, आक्रमकपणे आमिष धरतात आणि म्हणून आधी पकडले जातात. परिणामी १९७० च्या दशकात प्रौढांमध्ये सतरा टक्के असलेले नरांचे प्रमाण १९९० च्या दशकात एक ते दोन टक्क्यांवर आले. माशांची एकूण संख्या मोजणाऱ्याला अशा साठ्यात अजून पुष्कळ मासे दिसतात, पण त्यांच्या प्रजननाचा समतोल आतून ढळलेला असतो. आधी मादी असलेल्या माशाला नर होण्यासाठी जी वर्षे लागतात, तीच मासेमारीने हिरावून घेतलेली असतात.

जगभर ही प्रक्रिया किती पुढे गेली आहे, याचा अंदाज २०१३ साली इव्हॉन सॅडोव्ही द मिचेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या आढाव्यातून येतो. त्यांच्या हिशेबानुसार २००९ या एका वर्षात किमान नऊ कोटी ग्रूपर, म्हणजे २,७५,००० टनांहून अधिक मासे पकडले गेले, आणि आढाव्यातील १६३ जातींपैकी २० जातींना नामशेष होण्याचा धोका होता. हाँगकाँग आणि दक्षिण चीनमधील उपाहारगृहांत काचेच्या टाकीतून जिवंत निवडून घेतलेल्या माशाला मोठी किंमत मिळत असल्याने आग्नेय आशिया आणि प्रशांत महासागरातील दूरदूरच्या बांधांवरून जिवंत ग्रूपर गोळा केले जातात, आणि काही ठिकाणी त्यांना गुंगी आणण्यासाठी सायनाइडचे द्रावण फवारले जाते, ज्याने भोवतीचे प्रवाळही मरतात. मत्स्यसंवर्धनाने हा ताण काहीसा हलका होऊ शकतो आणि भारतातही केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेच्या विशाखापट्टणम येथील केंद्राने ऑरेंज-स्पॉटेड ग्रूपराचे बीज तयार केले आहे. मात्र संवर्धनगृहांनाही या माशाच्या काळाशी झगडावे लागते. नर मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबणे परवडत नसल्याने अनेक ठिकाणी माद्यांना पुरुषसंप्रेरके देऊन त्यांचा लिंगबदल लवकर घडवला जातो. समुद्रात जे वय विनामूल्य करत होते, ते येथे औषधाने विकत घ्यावे लागते.

या माशांच्या काळाचे ज्ञान प्रयोगशाळांच्या आधी किनाऱ्यावरच्या समाजांकडे होते, ही गोष्ट विशेष आदराने नोंदवण्यासारखी आहे. पलाऊ बेटांवर १९७० च्या दशकात रॉबर्ट जोहान्स यांनी तेथील मच्छीमारांकडून शिकून जे लिहिले, ते १९८१ साली ग्रंथरूपाने आले. चंद्राच्या कलांनुसार कोणते मासे कोठे अंडी घालतात याची त्या मच्छीमारांना असलेली माहिती, तोवरच्या शास्त्रीय साहित्यात साऱ्या जगासाठी नोंदलेल्या माहितीहून कितीतरी अधिक जातींची होती. तेथे ग्रूपरांच्या तीन जाती अमावास्येच्या सुमारास एकाच खाडीमुखाशी जमतात, आणि ठरावीक काळ मासेमारी थांबवण्याची परंपराही त्या समाजात होती. पुढे १९९४ सालच्या कायद्याने तिला आधुनिक रूप मिळाले. भारतात लक्षद्वीपच्या बित्रा बेटाजवळ स्क्वेअरटेल ग्रूपरांचा असा दाट मेळावा रुचा करकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासला, आणि २०१७ साली त्याविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मासेमारीचा फारसा ताण न पडलेल्या त्या गर्दीत नरांच्या प्रणयाच्या एकाहून अधिक रीती दिसल्या. यावरून असे म्हणता येते, की मेळावा विरळ झाला तर मासे घटतातच, पण दाटीतच संभवणाऱ्या वर्तनाचे प्रकारही घटतात आणि त्यांचा अभ्यास करण्याची संधीही उरत नाही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही या विचाराची निकड आहे. येथे हेकरू ट्रॉलच्या जाळ्यात येते, खडपातल्या गळावर येते, आणि मलबार ग्रूपरासारख्या मोठ्या गोबऱ्यांना उपाहारगृहांकडून व निर्यातीसाठी चांगली मागणी असते. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरांवर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा पाण्याखालचा पठारी उंचवटा आहे, ज्याचा माथा पृष्ठभागापासून सुमारे वीस मीटर खोल असून त्यावर प्रवाळांची समृद्ध वस्ती आहे. मालवणजवळच्या खडकाळ समुद्राला १९८७ साली सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. असे खडक आणि प्रवाळ हाच मोठ्या ग्रूपरांचा अधिवास असतो. जून आणि जुलै महिन्यांतील मासेमारी बंदीने अनेक जातींना श्वास घ्यायला अवधी मिळतो, आणि २०२३ साली राज्याने अनेक माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला, हेही स्वागतार्ह आहे. तरी ग्रूपरांच्या बाबतीत किमान आकाराचा नियम एकटा पुरा पडत नाही. लहान मासे सोडून मोठे तेवढे घ्यावेत असे तो सांगतो, आणि लिंग बदलणाऱ्या जातींत मोठे मासे म्हणजेच नर असतात. शिवाय खोल पाण्यातून वर ओढलेल्या माशाचे वाताशय, म्हणजे पोहताना तोल सांभाळणारी हवेची पिशवी, दाब घटल्याने फुगून इतर इंद्रियांना बाहेर ढकलते, आणि असा मासा पाण्यात सोडला तरी पुष्कळदा वाचत नाही. त्यामुळे कोणता मासा धरावा या प्रश्नाबरोबर कोठे आणि केव्हा धरू नये, हाही प्रश्न विचारावा लागतो.

या प्रश्नाला कृतीने उत्तर देता येते याचा सर्वांत दिलासा देणारा पुरावा केमन बेटांतून मिळतो. लिटल केमन बेटाच्या पश्चिम टोकाशी २००१ साली मच्छीमारांना नासाऊ ग्रूपरांचा सुमारे सात हजारांचा मेळावा सापडला आणि दोन हंगामांत त्यांतले चार हजारांच्या आसपास मासे पकडले गेले. त्यानंतर २००३ साली शासनाने मेळाव्याच्या जागी मासेमारी बंद केली. पहिली काही वर्षे वाढ दिसलीच नाही, आणि अशा वेळी धीर सोडणे सोपे असते. मात्र बंदी टिकली, आणि संशोधक, शासन व स्वयंसेवी पाणबुडे यांनी मिळून दरवर्षी मासे मोजणे चालू ठेवले. सन २००९ मध्ये बाराशेच्या आसपास असलेली संख्या २०१८ पर्यंत सात हजारांवर गेल्याचे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले गेले. दरम्यान २०१६ साली तेथे जे नियम झाले, त्यांत डिसेंबर ते एप्रिल अशी बंदी आहे, नौकेमागे दिवसाला पाच माशांची मर्यादा आहे, आणि फक्त सोळा ते चोवीस इंच लांबीचेच मासे घेता येतात. येथे आकाराला खालची तशीच वरचीही सीमा आहे, म्हणजे कायद्याने अल्पवयीन माशाइतकेच वृद्ध माशालाही राखले आहे.

या वरच्या सीमेत एक मोठा विचार सामावलेला आहे. मत्स्यव्यवस्थापनाच्या जुन्या हिशेबात वाढ मंदावलेला मोठा मासा हा समुद्रात पडून राहिलेले, न उचललेले उत्पन्न मानला जाई, आणि लहानांना वाढू देऊन मोठ्यांना काढून घेणे हेच शहाणपणाचे समजले जाई. ग्रूपरांच्या अभ्यासाने हा समज खोडून काढला आहे. या कुळातील मोठ्या माशात मादीपणाची वर्षे भोगून आलेला नर असतो, किंवा लहान मादीहून कितीतरी अधिक अंडी देणारी मादी असते. त्याच्या मुक्कामामुळे खडक उघडा राहतो आणि बहुधा त्याच्याच सोबतीने तरुण मासे मेळाव्याची वाट शिकतात. ही सारी कामे दुसरा मासा करू शकतो, पण त्यासाठी त्यालाही तितकेच जगावे लागते आणि त्याला घाई करायला लावता येत नाही.

कोकणातला मच्छीमार उधाण आणि भांग यांची गणिते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आला आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला उधाण आणि अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीला भांग म्हणणाऱ्या, तिथीवर नौका हाकणाऱ्या या समाजाला माशाच्या आयुष्यातील तिथीचे महत्त्व परके वाटण्याचे कारण नाही. मोठे हेकरू आणि गोबरे कोणत्या खडपांवर, कोणत्या महिन्यात, चंद्राच्या कोणत्या पक्षात पोटात अंडी घेऊन सापडतात, याची स्मृती कोळी आणि गाबीत समाजांतील वडीलधाऱ्यांकडून आस्थेने टिपून घेणे, तिला शास्त्रीय मोजणीची जोड देणे, आणि जेथे मेळाव्याची चिन्हे आढळतील तेथे थोड्या दिवसांची नेमकी बंदी त्या समाजाच्या संमतीने व नुकसानभरपाईसह लागू करणे, हे सगळे आवाक्यातील काम आहे. ते जितके लांबेल तितके अवघड होईल, कारण त्या स्मृतीचे धारकही वृद्ध होत आहेत आणि त्या स्मृतीचा विषय असलेले मासेही विरळ होत आहेत. समुद्र राखणे म्हणजे त्यात पुरेसे मासे असणे, एवढाच अर्थ आजवर घेतला गेला. ग्रूपरांचे कुळ त्या अर्थात भर घालते, की त्यात पुरेसे जुने मासेही असले पाहिजेत, आणि त्यासाठी माणसाने आपल्या हावेला एका माशाच्या आयुष्याइतका दीर्घ धीर शिकवला पाहिजे.